रेटिंग कमी आहे, कारण मी बाई आहे?

"पूल, हा टेबलावरचा बॉल-काठीचा खेळ, काही ताकदीचा नाही म्हणतात. मग रेटिंगच्या यादीत वर सगळे पुरुषच का? बायकांच्या हातातच काहीतरी कमी आहे, असंच ना?" न्यू जर्सीत राहणारी, पस्तिशीतली एक मराठी खेळाडू हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा लीग सोडायचं तिनं जवळपास ठरवलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. खेळणाऱ्या मुलींचे आईवडीलही हेच विचारतात.

ती आणि नवरा लीगमध्ये एकाच दिवशी दाखल झाले. त्याआधी दोघांनीही क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, हात लावला नव्हता. तरी त्याला सुरुवातीची पातळी ४ मिळाली आणि तिला ३. नवा पुरुष ४, नवी बाई ३, असा तेव्हा तिथला नियम होता. काही सामन्यांनंतर हे आकडे खेळाप्रमाणे सरकतात, पण तो पहिला ३ तिच्या मनातून हलला नव्हता. तिचा राग मला रास्त वाटला आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं" हे ती घरी पुरेसं ऐकून आली होती.

मग आम्ही तिचं फार्गोरेट, म्हणजे खेळाडूचं कौशल्य आकड्यात मांडणारं रेटिंग, उघडलं. या पद्धतीत खेळाडू बाई की पुरुष हे कुठेच धरत नाहीत. समोर कोण होतं आणि किती गेम जिंकले, एवढंच मोजतात. १०० गुणांचा फरक असेल तर वरचा खेळाडू दोन गेम जिंकतो तेव्हा खालचा एक जिंकतो. हिशेब भरवशाचा व्हायला निदान २०० गेम लागतात. शिवाय एखादा बायकांचा गट फक्त आपसातच खेळत राहिला, तर त्यांचे आकडे बाकीच्यांशी नीट जुळत नाहीत. मिश्र सामने झाले की जुळतात.

शिखरावरचा फरक मी लपवला नाही. जगातले अव्वल पुरुष ८०० च्या वर आहेत, अव्वल स्त्रिया त्यांच्या खाली. पण हजारो मुलगे लहानपणापासून टेबलाशी तास न् तास घालवतात आणि मुली मूठभर. एवढ्या मोठ्या गर्दीतून निघणारं टोक उंच असणारच. ब्रेकच्या, म्हणजे मांडलेले बॉल फोडणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, जोराचाही थोडा वाटा असेल. सरळ पूलमध्ये, म्हणजे १४.१ नावाच्या प्रकारात, जोरदार ब्रेक लागत नाही. तिथे ऑस्ट्रियाच्या यास्मिन औशाननं २००८ च्या जागतिक स्पर्धेत पुरुषांमध्ये खेळून कांस्यपदक मिळवलं. हे ऐकून ती पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसली.

तिचं दुसरं म्हणणं होतं, "पुरुष समोर आला की माझा हात गळतो." मी तिला वही ठेवायला सांगितली. प्रत्येक सामन्यासमोर समोरच्याचं रेटिंग, अपेक्षित गेम आणि जिंकलेले गेम. तिचं रेटिंग ४६०. समोर ५६० चा खेळाडू असेल तर नऊ गेममध्ये तिनं तीन जिंकणं अपेक्षित. ज्या ७-३ च्या हारींनी ती रात्र रात्र जागली होती, त्या बहुतेक अशाच होत्या. दोन महिन्यांत पुरुषांविरुद्ध ८४ गेम झाले. अपेक्षा ३३ ची होती, जिंकले ३४.

वहीत खटकलं ते एकच, तिचे स्वतःचे ब्रेक. नाइन-बॉल या प्रकारात पुरुषांसमोर ती अंगातला सगळा जोर लावायची. शेवटच्या क्षणी खांदा उचलला जायचा, १ नंबरच्या बॉलला मधोमध मार बसायचा नाही आणि क्यू बॉल, म्हणजे क्यूनं मारायचा पांढरा बॉल, उडून टेबलाबाहेर जायचा. तो फाऊल. मग समोरच्याला क्यू बॉल हवा तिथे ठेवायची मोकळीक. नवऱ्यानं मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत आणखी एक दिसलं. एरवी ती मारण्याआधी क्यू चार वेळा मागेपुढे करते, ब्रेकला दोनदाच.

उपाय साधाच होता. जोर सत्तर टक्क्यांवर आणायचा. खडू लावायचा, बॉलच्या मागे उभं राहून श्वास सोडायचा, मग वाकायचं. चार वेळा क्यू मागेपुढे, क्षणभर थांबा, मग मार. सगळे बॉल थांबेपर्यंत डोकं वर काढायचं नाही. क्यू बॉल टेबलाच्या मध्यावर थांबला तर ब्रेक जमला, मग पॉकेटमध्ये काही जावो न जावो. असे रोज वीस ब्रेक, तीन आठवडे. पहिल्या आठवड्यात ती वैतागली, कारण आवाजच होत नव्हता. तो धडाडणारा आवाज तिला हवा होता, हे तेव्हा तिच्याच तोंडून बाहेर आलं.

नवऱ्याचं रेटिंग ५४०. ऐंशी गुणांच्या फरकानं आधी त्याचे सात गेम होतात की तिचे चार, अशी शर्यत जवळपास बरोबरीची होते. दोघं आता रविवारी तशीच खेळतात. गेल्या वेळी तिचे चार झाले तेव्हा त्याचे पाच होते.