बाळंतपणानंतर पुन्हा घुंगरू

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, सिझेरियन झालं होतं. सासूबाई बाळाला रोज अर्धा तास सांभाळतात. तेवढ्यात कथकचा रियाज कसा करू?

उत्तर : आधी डॉक्टरांकडून टाके आणि ओटीपोटाचे स्नायू तपासून घ्या. मग सुरुवात घुंगरांविना करा. दोन्ही पायांना शंभर-शंभर घुंगरांचं ओझं चढवलं की थकलेले गुडघे आणि कंबर लगेच तक्रार करतात. फरशीखाली सिमेंट असेल तर जाड सतरंजी किंवा लाकडी फळी घ्या.

दहा मिनिटं तत्कार (पायांनी तालात ठोके देणं) बराबर लयीत, म्हणजे साध्या एकपट गतीत, मिनिटाला साठ मात्रा (ठोके). गुडघे ताठ ठेवून टाच आपटली तर धक्का थेट कंबरेत जातो. गुडघा किंचित सैल हवा. लघवी गळली किंवा ओटीपोटात जड वाटलं तर त्याच क्षणी थांबा. यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांना मात्र जरूर सांगा. दुगुन (दुप्पट गती) आणि चक्कर (गिरक्या) नंतर.

पढंत, म्हणजे बोल तालात तोंडाने म्हणणं, मात्र आजपासूनच! बाळाला मांडीवर घेऊन सोळा मात्रांच्या त्रितालाचे बोल म्हणा : टाळी १, ५, १३ व्या मात्रेवर, ‘खाली’ (टाळी न देता हात बाजूला नेणं) ९ व्या मात्रेवर. अर्ध्या तासाबाहेरचा हा रियाज लय पक्की ठेवतो, आणि बाळालाही तो आवडतो.