हजार शब्दांचं मिनिट

प्रश्न : काका, मी खापरीहून रोज मेट्रोने बर्डीला अभ्यासिकेत येते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सराव करताना सी-सॅटचे, म्हणजे आकलन आणि कल तपासणाऱ्या दुसऱ्या पेपरचे, शेवटचे दोन-तीन उतारे दरवेळी राहतात. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारा एक वर्ग आहे. मनातल्या मनात उच्चार करू नका, वाचलेल्या ओळीवर परत जाऊ नका, असं तिथे सांगतात. फी बरीच आहे. भरू का?
– एक परीक्षार्थी, नागपूर

उत्तर : भरू नकोस. काहून, ते सांगतो.

वाचताना डोळा ओळीवरून सरकत जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उड्या मारतो आणि दर उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो. अक्षरं दिसतात ती या थांब्यात, आणि त्यातलीही मधली सात-आठच लख्ख, आजूबाजूचं धूसर. आता हजाराचा हिशेब कर. सेकंदाला सोळा-सतरा शब्द, म्हणजे एका थांब्यात चार. कसे बसवशील? मार्क ब्रिसबर्ट या संशोधकाने २०१९ मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा इंग्रजी माहितीपर मजकूर मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द निघाला. मराठीला तोही जसाच्या तसा लावू नकोस. ‘अभ्यासिकेतल्यांसाठीसुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द मोजला जातो. हजारांचे दावे जुनेच आहेत, अमेरिकेत एव्हलिन वुड बाईंनी १९५९ मध्ये असे वर्ग काढले होते. या वर्गांत शिकवतात ते चाळणं. चाळायला माझी हरकत नाही, पण वाचनाच्या नावाने त्याची फी कशाला द्यायची?

ओठ हलत असतील तर ते तेवढं थांबव. मनातला आवाज बंद करायच्या भानगडीत मात्र पडू नकोस, लांब वाक्य आपण त्याच आवाजाच्या आधाराने धरून ठेवतो. मराठीत तर क्रियापद शेवटी आणि त्याच्याही मागे ‘नाही’. ‘या तरतुदीमुळे राज्यांचे अधिकार कमी झाले असे म्हणता येणार नाही.’ यातला शेवटचा शब्द निसटला की उत्तर उलटं, आणि वर प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. मागे वळून पाहण्याचंही तसंच. मुरलेल्या वाचकाचा डोळासुद्धा दहातल्या एखाद्या उडीला मागे येतो. अर्थ लागला नाही तर मागे जावंच.

मी एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरलं की कागदांचे गठ्ठे येत. आमच्याकडचे एक जुने वार्ताहर विधेयक हातात आलं की ते शेवटून उघडत. तिथे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ छापलेलं असतं. तेवढं ते सावकाश, बोट ठेवून वाचत. मग मधली कलमं भराभर उलटायची आणि दंड, मुदत, अधिकार बदललेत तिथेच थांबायचं. नवी पोरं म्हणत, बावा, काय वेगात वाचतात! त्यांना विधेयकाची मांडणी पाठ होती आणि मूळ कायदा माहीत होता, बाकी डोळे चारचौघांसारखेच. मी मात्र ओळीखाली पट्टी धरून अक्षर न् अक्षर वाचायचो. ऱ्हस्व-दीर्घ एकही सुटायचं नाही, पण संध्याकाळी कुणी विचारलं असतं की मजकुरात काय होतं, तर मला धड सांगता आलं नसतं. काम तसंच होतं.

तेव्हा कोणता विषय आला की तू अडखळतेस, ते आधी शोध. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका असतात, त्यातले उतारे काढ. बहुतेक अर्थशास्त्र नाहीतर तत्त्वज्ञान निघेल. मग मेट्रोत मोबाइलवर त्याच विषयांचे अग्रलेख वाच. लेख संपला की मोबाइल बंद करून, लेखकाचं म्हणणं काय होतं ते एका वाक्यात लिही. वाक्य जमलं नाही तर त्या दिवशीचा वेग मोजूच नकोस.

पेपरात उताऱ्याआधी प्रश्न वाच, पर्याय नको. पर्याय आधी वाचले की तीन चुकीच्या गोष्टी डोक्यात घेऊन उताऱ्यात शिरतेस. ‘मात्र’, ‘तथापि’, ‘वगळता’ आणि वाक्याच्या शेवटचं ‘नाही’ यांच्याखाली रेघ मार. भाषांतरित मराठीत एखादी संज्ञा कळली नाही तर इंग्रजी मजकुरावर नजर टाक, तिच्याशी झटापट करत बसू नकोस.

आणि एक विचारतो. सगळे उतारे सोडवायची सक्ती केली कुणी? हा पेपर आता पात्रतेपुरता आहे. २०० पैकी ३३ टक्के पुरतात, पूर्वपरीक्षेची गुणवत्ता यादी पहिल्या पेपरवर लागते. १२० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट, हा भागाकार तुझ्या डोक्यात बसलाय. सगळ्यात किचकट दोन उतारे पहिल्या फेरीतच सोड आणि तो वेळ बाकीच्यांना दे.

प्रश्न : वय ६३. पूर्वी कादंबरी दोन बैठकींत संपायची. आता अर्ध्या पानात डोळे शिणतात, ओळ हरवते. वेग वाढवण्याचा काही व्यायाम?
– एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर

उत्तर : गुरुजी, व्यायाम राहू द्या, आधी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जवळचा नंबर बदलला असेल किंवा मोतीबिंदू असेल, साखर असेल तर पडदाही तपासून घ्या. बर्डीच्या फुटपाथवरचा तयार चष्मा घेऊ नका, त्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो, आपल्या डोळ्यांचा तसा असेलच असं नाही. वाचताना पापण्या कमी मिटतात, म्हणून उन्हाळ्यात कुलरचा झोत थेट तोंडावर घेऊ नका, खुर्ची बाजूला सरकवा. ओळ हरवत असेल तर जुनं पोस्टकार्ड ओळीखाली धरा.