नव्या टीम लीडसाठी थोडंसं

टीमकडून नव्या कल्पना कशा काढून घ्यायच्या, असं विचारलंस. काढून घेता येत नाहीत. सूचनापेटी मीही ठेवून पाहिली होती. आत निघाल्या त्या एसीच्या तक्रारी. (त्या मात्र खऱ्या होत्या.)

लोक गप्प बसतात ते बहुधा डोकं नसतं म्हणून नव्हे, हसं होईल या धास्तीने. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, ही अपेक्षा. निघालं उलटंच! तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण लोक त्या उघडपणे सांगत होते. पुढे १९९९ मध्ये एका कंपनीतल्या ५१ टीम पाहून त्यांनी दाखवलं की जिथे बोलायची भीती नसते, तिथे टीम जास्त शिकते.

तेव्हा वाईट बातमी आल्यावर तुझा चेहरा कसा होतो, तिथे लक्ष दे. 'कोणी केलं?' आधी विचारलंस की पुढची बातमी उशिरा येणार. मीटिंगमध्ये स्वतःचं मत शेवटी सांग, नाहीतर सगळे माना डोलावतील. कल्पना नाकारलीस तर कारण सांग, तेही लवकर.

याचा अर्थ कामात ढिलाई चालवून घे असा नाही. मुदत ती मुदतच. पण रात्री अकराला मेसेज टाकायची सवय असेल तर ती आजच मोड. दमलेलं माणूस नेमून दिलेलं काम कसंबसं उरकतं, नवं काही सुचायला त्याच्याकडे उरतंच काय?