सहा महिन्यांच्या बाळाला फळं कशी सुरू करावीत? घरचे आधी मोसंबीचा रस द्या म्हणतात.

रस नको, फळच कुस्करून द्या. गाळताना चोथा जातो, साखर उरते आणि रसानेच पोट भरलं की बाळ दूध कमी पितं. वर्षाचं होईपर्यंत रसाची गरजच नसते.

180 दिवस पूर्ण झालेत, बाळाने मान धरली आहे, आधाराने बसतंय आणि चमच्यातलं जिभेने बाहेर ढकलत नाही, एवढं आधी बघा. पहिलं फळ मी वेलची केळं सुचवेन. पूर्ण पिकलेलं घ्या. हिरवट केळ्याने शी घट्ट होते. काट्याने कुस्करून एक-दोन छोटे चमचे पुरेत, घट्ट वाटलं तर आईचं दूध घाला. साखर, मीठ नको. मध तर वर्षाच्या आत चाटवायलाही नको, त्यातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार, होऊ शकतो.

नंतर पपई, चिकू. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, म्हणून प्रत्येक बी काढली ना, ते बोटांनी चाचपून बघा. सफरचंद सोलून इतकं वाफवा की चिमटीत सहज चेपेल. कच्ची फोड हातात देऊ नका. पुढच्या दातांनी तुकडा तुटतो, पण चावायला दाढा नसतात, आणि तोच तुकडा घशात बसतो. अख्खं द्राक्ष तर श्वासनलिकेत बुचासारखं अडकतं. पुढे द्याल तेव्हा बिया काढून उभे चार भाग करा.

नवं फळ सकाळी द्या, म्हणजे दिवसभर लक्ष राहतं, आणि तीन दिवस दुसरं नवं काही नको. अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा सारख्या उलट्या दिसल्या तर लगेच डॉक्टर; श्वासाला त्रास झाला तर थेट 108.

ओकारी आल्यासारखं करून बाळ खोकत असेल तर घाबरू नका, खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील तर घास अडकलाय. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली धरून तळहाताच्या टाचेने खवाट्यांच्या मध्ये 5 थापा मारा; मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 वेळा दाबा. घास निघेपर्यंत हेच आळीपाळीने करा, दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

नुसत्या फळांवर मात्र थांबू नका, त्यांत लोह कमी असतं. मऊ वरण-भात, नाचणीची पेजही सुरू करा. त्यासोबत पपई दिली तर तिच्यातल्या क जीवनसत्त्वाने धान्या-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.