एकाच भुताचा पिच्छा पुरव

प्रिय दोस्ता,

भयपटांवरच्या तुझ्या अंकाची डमी, म्हणजे नमुना प्रत, मिळाली. मुखपृष्ठ झकास जमलंय. आतला मजकूर मात्र पसरट वाटला. ड्रॅक्युला, ममी, गॉडझिला, सगळ्यांना सारखी दोन-दोन पानं! अशा तोंडओळखीची भूक १९५८ साली होती. आदल्याच वर्षी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीचे जुने भयपट अमेरिकेत टीव्हीवर लागू लागले होते. रात्री एकदा पाहिला की संपलं, परत कधी लागेल याचा भरवसा नसे. म्हणून फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांच्या 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड'मधले फोटो पोरं डोळ्यांत साठवून ठेवत. एका अंकापुरतं काढलेलं ते मासिक मग वर्षानुवर्षं चाललं. आज तोच चित्रपट वाचकाच्या मोबाइलवर आहे. मग त्यानं तुझा अंक का घ्यावा?

रिचर्ड क्लेमेन्सन यांचं 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स' मिळव आणि वाच. १९७२ साली त्यांनी ते सुरू केलं. राहणार अमेरिकेतल्या आयोवात आणि ध्यास ब्रिटनच्या हॅमर कंपनीच्या भयपटांचा. हॅमरचे नट पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली यांच्यावर तर सगळेच लिहीत. हा अंक मात्र पटकथाकार, संगीतकार, मेकअपवाले अशा पडद्यामागच्या माणसांपर्यंत पोचला. कलादिग्दर्शक बर्नार्ड रॉबिन्सन यांचंच बघ. १९६६ चे 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' आणि 'रास्पुटिन: द मॅड मंक' लागोपाठ पाहा. दोन्हींचं चित्रीकरण पाठोपाठ झालं आणि सेट बरेचसे तेच, फक्त रूप पालटलेलं. थांबवत थांबवत बघितलंस तर जिने आणि खांब ओळखू येतील. कमी पैशांत हॅमरचे चित्रपट इतके श्रीमंत दिसतात ते या माणसामुळे. यावर आठ पानं लिही, मी पहिला गिऱ्हाईक!

पडद्यामागची ही माणसं आता थोडीच उरली आहेत. पत्र लिहायचं तर याच आठवड्यात लिही. 'भूमिका कशी वाटली' असलं मोघम विचारू नकोस. अमुक दृश्यातलं धुकं कशाचं होतं, मुखवटा चढवायला किती वेळ लागे, असं विचार. नेमक्या प्रश्नाला लोक भरभरून बोलतात. मुलाखतीतली प्रत्येक तारीख मात्र दुसरीकडे पडताळून घे. इतक्या वर्षांनी आठवणी सरमिसळ होतातच.

फोटोंच्या हक्कांची चौकशी आधी कर. पानांची संख्या चारच्या पटीत ठेव, नाहीतर मधोमध पिना मारताना कोरी पानं उरतील. वर्षाची वर्गणी आगाऊ घेऊ नकोस. असे अंक लांबतात, आणि लोकांचे पैसे अडकवून ठेवणं मला पटत नाही. अंकागणिक पैसे घे.

गॉडझिला या अंकातून काढ. तो पुढच्या अंकात एकटा येऊ दे. रॉबिन्सनवरचा कच्चा मजकूर झाला की आधी मला पाठव, फोटोओळी मी तपासून देतो.

तुझा,
काका