मेलबर्नला येण्यापूर्वी ब्लूई ट्रस्कॉट जाणून घ्या

आपण मार्चमध्ये नाशिकहून सहकुटुंब मेलबर्नला येत आहात, आणि इथल्या माणसांच्या बोलण्यात सतत येणारा फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, हा खेळ कुठून समजून घ्यावा, असे आपण विचारले आहे. अठरा-अठरा खेळाडू, लंबगोल मैदान आणि लंबगोल चेंडू. नियम दोन सामने पाहिले की उमजतात. त्याआधी एका खेळाडूची कारकीर्द वाचून या, असे मी आग्रहाने सांगेन.

आमच्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी माझ्या मुलाच्या गळ्यात मेलबर्न क्लबचा लाल-निळा मफलर घातला आणि क्लबची गोष्ट किथ ट्रस्कॉटपासून सुरू केली. 1916 साली याच शहरातल्या प्रहरान भागात जन्मलेल्या या तांबड्या केसांच्या मुलाला सगळे ‘ब्लूई’ म्हणत. तांबड्या केसांच्या माणसाला निळा म्हणण्याची ही रीत आपल्यालाही इथे ऐकायला मिळेल. 1937 पासून तो मेलबर्नकडून खेळला, 1939 मध्ये कॉलिंगवूडला हरवून विजेता ठरलेल्या संघात होता, आणि 1940 मध्ये हवाई दलात भरती झाल्यावरही रजा काढून रिचमंडविरुद्धचा अंतिम सामना खेळला व जिंकला.

विमान उतरवताना जमीन किती खाली आहे याचा अंदाज त्याला येत नसे आणि त्यापायी प्रशिक्षणातूनच तो बाद होता होता राहिला, पण पुढे इंग्लंडमध्ये 452 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून स्पिटफायर ही लढाऊ विमाने उडवत त्याने मोठे नाव कमावले. मे 1942 मध्ये मायदेशी असताना तो एकच सामना खेळला, पुन्हा रिचमंडविरुद्धच. तो त्याचा पन्नासावा आणि अखेरचा. तेव्हा एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, हे क्लबचे मैदानच लष्कराच्या ताब्यात होते. त्यानंतर न्यू गिनीतल्या मिल्न बेच्या लढाईत तो लढला, आणि 28 मार्च 1943 रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समथच्या आखातावर सराव करताना त्याचे विमान समुद्रात कोसळले. तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. मेलबर्न क्लबच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला आजही त्याच्याच नावाचा चषक मिळतो.

‘तुम्ही कोणाला बॅरॅक करता?’ असे इथे कोणीही विचारेल. बॅरॅक म्हणजे संघाची बाजू घेणे. उत्तर देण्याची घाई करू नका. अँझॅक दिनाच्या, म्हणजे 25 एप्रिलला युद्धातल्या सैनिकांची आठवण करण्याच्या दिवसाच्या, आदल्या रात्री एमसीजीवर मेलबर्न आणि रिचमंड यांचा सामना असतो आणि त्याआधी युद्धात गेलेल्यांसाठी ज्योत पेटवली जाते. तिथे मुलांना घेऊन जा, आणि मग संघ निवडा.