१९६८ च्या बेसबॉल सीझनमध्ये सगळ्यात कमी इआरए कोणाचा होता?

बॉब गिब्सन, सेंट लुईस कार्डिनल्स, १.१२. विषय संपला खरं तर :)

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, इआरए म्हणजे पिचर (बेसबॉलचा बॉलर) दर ९ इनिंगला सरासरी किती रन देतो ते, फक्त फील्डरच्या चुकीने गेलेले रन त्याच्या नावावर धरत नाहीत. तर या माणसाने ३०४ च्या वर इनिंग टाकून असे फक्त ३८ रन दिले, १३ मॅचमध्ये समोरच्याला भोपळा, आणि तरी ९ मॅच हरला, कारण त्याच्याच टीमचे बॅटर रन करेनात. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गिब्सनने एकच रन दिला, पहिल्याच इनिंगमध्ये रॉन हंटचा होमरन, पण समोर गेलॉर्ड पेरीने एकही हिट दिली नाही, मग काय, १-० ने हार. आता बोला!

हा झाला नॅशनल लीगचा; मेजर लीगमधल्या दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये क्लीव्हलँडचा लुईस टियांट १.६० ने पहिला, त्याच टीमचा सॅम मॅकडॉवेल १.८१ ने दुसरा. डेट्रॉइटचा डेनी मॅक्लेन १.९६ असूनही चौथाच, पण ३१ मॅच जिंकला पठ्ठ्या, त्यामुळे नाव त्याचंच जास्त झालं.

बॅटरचे हाल तर विचारूच नका, त्याच अमेरिकन लीगचा बॅटिंग टायटल (सगळ्यात चांगली बॅटिंग सरासरी) यास्त्रेम्स्कीने .३०१ वर, म्हणजे दर १०० प्रयत्नांत जेमतेम ३० हिट मारून घेतला. शेवटी १९६९ पासून पिचरचा उंचवटा १५ इंचावरून १० इंच केला आणि स्ट्राइक झोनपण (बॅटरसमोरची जी जागा बॉलने गाठली की स्ट्राइक धरतात ती) लहान केला.